आम्ही मूळच ऐकले होते : समूहगान स्पर्धेच्या आयोजक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
आंतरशालेय समूहगान स्पर्धा आयोजक मंडळ,
नागपूर

विषय : प्रवेशपत्रिकेतून मूळ गीतकार व संगीतकार यांचे रकाने वगळण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

सन्माननीय महोदय व महोदया,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाने यंदाच्या स्पर्धेपासून प्रवेशपत्रिकेतील 'मूळ गीतकार' आणि 'मूळ संगीतकार' हे दोन रकाने काढून टाकले, त्यांच्या जागी 'मूळ चित्रपट अथवा अल्बम' असा एकच रकाना ठेवला, आणि निवेदकांनी गाण्याआधी शाळेचे नाव, गाण्याचे नाव व या रकान्यातील माहिती एवढेच सांगावे, अशी सूचना दिली. कारण दिले ते वेळेचे. पुढील वर्षासाठी शाळांकडे नुकत्याच आलेल्या नियमावलीतही हा बदल कायम आहे. याबाबत मी मंडळाला पत्र लिहिले होते. त्यावर ही बाब तांत्रिक असून गुणांकनाशी तिचा काही संबंध नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. संबंध आहे, आणि तो कसा आहे हे आपल्याबरोबरच या शहरातील पालकांना, संगीत शिक्षकांना आणि गाणाऱ्या मुलांनाही कळावे, म्हणून हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे.

मी नागपुरातील एका मराठी शाळेत संगीत शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली, की आमच्या संगीताच्या खोलीतील पेटी मधल्या सुट्टीतही मिटत नाही, आणि त्याचे एक मोठे कारण आपली स्पर्धा हे आहे. या स्पर्धेत गायलेली माझी काही मुले आज शहरातील वाद्यवृंदांत गातात, एकदोघे रेकॉर्डिंगच्या कामातून पोट भरतात. तेव्हा स्पर्धेविषयी माझ्या मनात आकस आहे, असे कोणी समजू नये. आकस असता तर मी पुढील वर्षी शाळेचे नाव नोंदवले नसते आणि गप्प बसले असते.

यंदा 'अन्य भाषांतील गीत' या फेरीसाठी आम्ही 'म्बुबे' हे झुलू भाषेतील गाणे निवडले. पत्रिकेत रकाना नसल्याने मी समासात हाताने लिहिले होते : 'मूळ रचना – सॉलोमन लिंडा, दक्षिण आफ्रिका, 1939'. रंगमंचावर निवेदन झाले ते मात्र 'द लायन किंग या हॉलिवूडच्या चित्रपटातील गाणे' असे. स्पर्धेनंतर शाळेला मिळालेल्या गुणपत्रकावर 'मूळ गाण्याशी साधर्म्य' या निकषासमोर दहापैकी तीन गुण होते आणि शेजारी निळ्या शाईत शेरा होता : 'चाल व शब्द मूळ गाण्यापासून फार दूर. मूळ गाणे ऐकून तयारी करावी.'

आम्ही मूळच ऐकले होते.

ज्या गाण्याला आपल्या परीक्षकांनी मूळ मानले, ते मूळ गाण्याच्या नकलेच्या नकलेवर उभे आहे. या गाण्याचा प्रवास थोडा सविस्तर सांगते, कारण माझी सगळी तक्रार त्या प्रवासात आहे आणि तो ठाऊक असता तर हा शेरा लिहिलाच गेला नसता.

सॉलोमन लिंडा यांचा जन्म 1909 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, म्सिंगा भागात झाला. तो गुरे राखणाऱ्या झुलू लोकांचा मुलूख. कामधंद्याच्या शोधात तिथले तरुण जोहान्सबर्गला जात, तसे लिंडाही गेले आणि पुढे एरिक गॅलो यांच्या ग्रामोफोन कंपनीत तबकड्या खोक्यांत भरण्याच्या कामाला लागले. 'ईव्हनिंग बर्ड्स' नावाचा त्यांचा गाणाऱ्यांचा एक संच होता. खर्जात गाणारे एकाहून अधिक आवाज, आणि त्यांच्यावर उंच, बारीक पट्टीत फिरणारा लिंडा यांचा स्वतःचा आवाज, अशी त्याची मांडणी असे. 1939 मध्ये याच कंपनीच्या स्टुडिओत त्यांनी 'म्बुबे', म्हणजे सिंह, हे गाणे ध्वनिमुद्रित केले. शब्द थोडे, तेच ते, आणि लहानपणी गुरांवर येणाऱ्या सिंहाला पिटाळण्याच्या आठवणीशी जोडलेले. पहिल्या दोन ध्वनिमुद्रणांनी कोणाचे समाधान झाले नाही. तिसऱ्या वेळी, गाणे संपत आले असताना, खालच्या आवाजांच्या लयीवर लिंडा यांनी ऐनवेळी सुचलेली एक सुरावट घेतली. ती आधी ठरलेली नव्हती आणि त्या गाण्यात ती पुन्हा येतही नाही. पुढे साऱ्या जगाने इंग्रजी शब्द घालून जी ओळ गुणगुणली, ती याच काही सेकंदांतून निघाली.

आमच्या तालमीत हा भाग बसायला सर्वांत जास्त वेळ लागला. नववीतील ज्या मुलांचे आवाज नुकतेच फुटले आहेत आणि म्हणून ज्यांना एरवी आम्ही मागच्या ओळीत ओठ हलवायला उभे करतो, त्यांना या गाण्यात पहिल्यांदा खरे काम मिळाले : खर्जाची तीच तीन-चार अक्षरे, न थकता, न धावता. वरची सुरावट आठवीतील एका मुलीने घेतली. ती दर वेळी किंचित वेगळी येई, आणि मी ती दुरुस्त केली नाही, कारण मूळ गायकानेही ती पाठ करून घेतलेली नव्हती. परीक्षकांना हीच गोष्ट 'चालीपासून दूर' वाटली असावी.

या गाण्याचे सर्व हक्क लिंडा यांनी कंपनीला दिले. त्यांच्या पदरात पडले ते दहा शिलिंग. 1940 चे दशक संपेपर्यंत आफ्रिकेत या तबकडीच्या सुमारे 1 लाख प्रती खपल्या होत्या, असे सांगितले जाते. त्या शैलीलाच लोक 'म्बुबे' म्हणू लागले, आणि पुढे पॉल सायमन यांच्या 1986 च्या 'ग्रेसलँड' या अल्बममुळे जगाला कळलेला 'लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो' हा संच याच परंपरेतला. एवढा ज्याचा पसारा, त्या माणसाने पुढेही साधी नोकरीच केली.

अमेरिकेत ही तबकडी पोहोचली ती ॲलन लोमॅक्स या लोकसंगीत संग्राहकाकडे, आणि त्यांच्याकडून पीट सीगर यांच्याकडे. सीगर यांनी ती ऐकून स्वरलेखन केले, झुलू शब्द कानाला जसे लागले तसे लिहिले, आणि 'द वीव्हर्स' या त्यांच्या संचाने 1951 मध्ये 'विमोवे' या नावाने गाणे ध्वनिमुद्रित केले. पुढच्या वर्षी ते गाजले. तबकडीवर रचनाकार म्हणून 'पॉल कॅम्पबेल' हे नाव छापले गेले. या नावाचा माणूसच नव्हता. लोकगीते म्हणून हाती आलेल्या गाण्यांवर हक्क नोंदवण्यासाठी वापरले जाणारे ते टोपणनाव होते. सीगर यांनी पुढे, खरा रचनाकार कळल्यावर, लिंडा यांना 1000 डॉलर पाठवायला लावले. सीगर यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण ज्या गाण्याला जिवंत रचनाकार आहे, ते लोकगीत म्हणून नोंदवले गेले, की पुढच्या प्रत्येकाची वाट मोकळी होते, आणि झालेही तसेच.

1960 मध्ये मिरियम मकेबा यांनी 'म्बुबे' गायले. 1961 मध्ये 'द टोकन्स' या न्यूयॉर्कच्या तरुणांच्या संचाने 'विमोवे' गाऊन दाखवले, तेव्हा ह्यूगो पेरेटी व लुइजी क्रिएटोर या निर्मात्यांना ते आवडले आणि जॉर्ज डेव्हिड वाइस यांनी त्यावर इंग्रजी शब्द लिहिले. लिंडा यांची ती शेवटची, ऐनवेळची सुरावट आता गाण्याची मुख्य चाल झाली. अनिता डेरियन या गायिकेचा उंच आवाज त्यात मागून येतो. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टाकलेले हे गाणे, 'द लायन स्लीप्स टुनाइट', डिसेंबर 1961 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. रचनाकार म्हणून वाइस, पेरेटी, क्रिएटोर ही तीन नावे. लिंडा यांचे नाही.

त्यानंतरच्या आवृत्त्या भरभर सांगते. 1962 मध्ये आंरी साल्व्हादोर यांनी ते फ्रेंचमध्ये गायले, 1972 मध्ये रॉबर्ट जॉन यांनी ते अमेरिकेत पुन्हा वरच्या क्रमांकांत नेले, 1982 मध्ये 'टाइट फिट' या संचाचे गाणे ब्रिटनमध्ये पहिले आले, आणि 1994 मध्ये 'द लायन किंग'मध्ये दोन पात्रे ते गुणगुणताना दिसली. आपल्या निवेदकांनी जो चित्रपट 'मूळ' म्हणून सांगितला, तो या ओळीत इतक्या मागे उभा आहे. त्या चित्रपटाच्या वेळी गाण्याचे वय 55 वर्षे होते.

सॉलोमन लिंडा 1962 मध्ये सोवेटोत वारले. त्यांची चाल तेव्हा अनेक देशांच्या रेडिओवर वाजत होती. त्यांच्या खात्यात जी काही रक्कम होती ती 25 डॉलरांहूनही कमी होती, आणि त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला 18 वर्षे लागली. 2000 मध्ये रिआन मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने 'रोलिंग स्टोन' मासिकात या सगळ्याचा सविस्तर शोध प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर लिंडा यांच्या मुलींनी न्यायालयाची वाट धरली.

तो खटला ज्या कायद्यावर उभा राहिला, त्याचा आपल्याशीही संबंध आहे, म्हणून थांबते. ओवेन डीन या वकिलांनी ब्रिटिश साम्राज्याचा 1911 चा स्वामित्वहक्क कायदा शोधून काढला. त्यात अशी तरतूद होती, की लेखकाने हयातीत हक्क विकले असले, तरी त्याच्या मृत्यूनंतर 25 वर्षांनी ते वारसांकडे परत यावेत. म्हणजे 1987 नंतर 'म्बुबे'चे हक्क त्या मुलींचे होते. हाच 1911 चा कायदा 1914 च्या कायद्याद्वारे आपल्याकडेही लागू होता, थेट 1957 चा आपला कायदा येईपर्यंत. 2004 मध्ये दक्षिण आफ्रिकेत 'द लायन किंग' काढणाऱ्या डिस्ने कंपनीविरुद्ध दावा दाखल झाला, आणि फेब्रुवारी 2006 मध्ये गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या ॲबिलीन म्युझिक या कंपनीशी तडजोड झाली. तीत मागील वापराबद्दल मोबदला आणि पुढील उत्पन्नात वाटा ठरला, आणि सॉलोमन लिंडा हे या गाण्याचे एक रचनाकार म्हणून मान्य झाले. पैशाची बाब मी बाजूला ठेवते. त्या माणसाचे नाव गाण्यापुढे लागायला 1939 ते 2006 एवढा काळ जावा लागला, आणि एका परक्या देशातील कायद्याच्या धुळीतून मार्ग काढावा लागला. नागपूरच्या एका शालेय स्पर्धेत तेच नाव मुलांच्या पत्रिकेच्या समासात लिहिलेले असूनही वाचले गेले नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार 'मूळ' या निकषाबद्दल आहे. कोणती आवृत्ती मूळ, हे ठरवण्यासाठी आपण पत्रिकेत एकही प्रश्न विचारत नाही आणि तरीही 'मूळ गाण्याशी साधर्म्य' याला दहा गुण देता. मग परीक्षकाने काय करावे? त्याच्या कानावर जी आवृत्ती सर्वांत जास्त पडली, तीच तो मूळ धरणार, आणि यात त्या परीक्षकांचा दोष मी मानत नाही. त्यांच्यासमोरच्या कागदावर चित्रपटाचा रकाना होता, रचनाकाराचा नव्हता. म्हणजे ही बाब तांत्रिक आहे व गुणांशी तिचा संबंध नाही, हे आपले उत्तर आपल्याच गुणपत्रकाने खोटे पाडले आहे. निकाल लागल्यावर आमची ती वरची सुरावट घेणारी मुलगी मला म्हणाली, "मॅडम, मग आपण जे ऐकलं ते कोणाचं होतं?" तिला मी उत्तर दिले. ते उत्तर खरे तर रंगमंचावरून मिळायला हवे होते.

याच निकषाबद्दल आणखी एक. गाणे दुसऱ्याने पुन्हा गाणे यात काहीच गैर नाही, उलट गाण्याचे आयुष्य त्यानेच वाढते. टोकन्स यांची आवृत्ती मला स्वतःला फार आवडते आणि ती मी वर्गात ऐकवते. कधी कधी नंतरची आवृत्ती पहिलीला मागे टाकते, हेही खरे. डॉली पार्टन यांनी लिहून गायलेले आणि 1974 मध्ये प्रसिद्ध झालेले 'आय विल ऑलवेज लव्ह यू' 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टन यांनी गायले आणि जगभर ते त्यांचेच गाणे मानले जाते. पण त्या तबकडीवर पार्टन यांचे नाव होते, आणि हक्कही त्यांनी स्वतःकडेच राखले होते. ह्यूस्टन यांच्या यशाला त्या नावाने कुठे बाध आला? तेव्हा आपल्या स्पर्धेत मूळ आवृत्तीशी साधर्म्य मोजायचेच असेल, तर आधी मूळ कोणते ते विचारा. आणि मोजायचे नसेल, तर मुलांनी गाणे आपल्या गळ्यात कसे उतरवले याला गुण द्या. दोन्ही रीती मला मान्य आहेत. आज जी आहे ती मात्र ना इकडची ना तिकडची.

दुसरी तक्रार वेळेच्या कारणाबद्दल. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 पासून आहे. या शहरातील माझ्या पिढीने, आणि माझ्या आईवडिलांच्या पिढीने, गाणी ऐकली ती गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावे आधी ऐकूनच. विविध भारतीवर तर चित्रपटाचे नावही त्यात असे. किती वेळ लागत होता? एक वाक्य बोलण्याइतका. आपल्या यंदाच्या स्पर्धेत प्रत्येक फेरीनंतर प्रायोजकांची नावे, त्यांच्या दुकानांच्या पत्त्यांसह, सावकाश आणि दोनदा वाचली गेली. प्रायोजकांबद्दल मला कृतज्ञता आहे, त्यांच्यावाचून सभागृहाचे भाडेही निघणार नाही. पण ज्यांच्या गाण्यांवर ही सारी स्पर्धा चालते, त्यांच्यासाठी वेळ नाही, हे कारण पटण्यासारखे नाही.

तिसरी तक्रार परदेशी गाण्यांपुरती नाही. सुरेश भट 2003 मध्ये याच शहरात वारले. रेशीमबागेत त्यांच्या नावाचे मोठे सभागृह आहे. तरी 'सुन्या सुन्या मैफलीत माझ्या' हे आपल्या मराठी फेरीत 'उंबरठा चित्रपटातील गीत' एवढ्यावर उरकले गेले. भट यांचे नाव नाही, हृदयनाथ मंगेशकर यांचे नाही. याच फेरीत 'भय इथले संपत नाही' हे दूरदर्शनवरील मालिकेचे गाणे म्हणून सांगितले गेले. कवी ग्रेस आयुष्यभर नागपुरात राहिले, इथे शिकवत राहिले. त्यांच्या गावातील मुलांनी त्यांची कविता गावी आणि ती कोणत्या मालिकेची, एवढेच श्रोत्यांना कळावे, याला काय म्हणावे ते आपणच ठरवा. 'म्बुबे'चा रचनाकार दूर देशीचा, त्याचे नाव कोणाच्या तोंडी बसलेले नाही, अशी सबब एक वेळ ऐकून घेता येईल. ग्रेस आणि भट यांच्याबाबत तीही चालत नाही.

चौथी बाब कायद्याची. मी वकील नाही, त्यामुळे दोनच गोष्टी मांडते. आपल्या 1957 च्या कायद्याचे कलम 57 सांगते, की रचनाकाराने आपले हक्क पूर्णपणे दुसऱ्याला दिले असले, तरी 'ही रचना माझी' असे म्हणण्याचा त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. आणि 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 31-क हे तर नव्याने गायलेल्या आवृत्त्यांसाठीच आहे. कॅसेटच्या जमान्यात जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकण्याचा धंदा आपल्याकडे कसा फोफावला, हे माझ्या वयाच्या सर्वांना आठवत असेल. वेष्टन पाहून गाणे कोणी गायले आहे तेही पटकन कळत नसे. आता अशी आवृत्ती मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे उलटेपर्यंत काढता येत नाही, ती काढण्यापूर्वी हक्कधारकाला सूचना व मोबदला द्यावा लागतो, आणि ती नवी आवृत्ती आहे असे वेष्टनावर स्पष्ट लिहावे लागते. हे कलम ध्वनिमुद्रणाला लागू आहे, शाळकरी मुलांच्या गाण्याला नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाजारात विकल्या जाणाऱ्या गाण्याने ओळख लपवू नये, असे जो कायदा म्हणतो, त्याच्याहून आपली अपेक्षा मुलांच्या स्पर्धेत कमी असावी काय? शिवाय आपण या स्पर्धेची चित्रफीत इंटरनेटवर ठेवता. तिथे आमच्या गाण्याखाली आजही त्या चित्रपटाचेच नाव आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पुढील वर्षाच्या प्रवेशपत्रिकेत मूळ गीतकार, मूळ संगीतकार आणि पहिल्या ध्वनिमुद्रणाचे गायक व वर्ष, हे रकाने परत आणावेत. पारंपरिक गीत असेल तर तसे लिहिण्याची सोय असावी, पण 'पारंपरिक' लिहिणाऱ्या शाळेने ते कुठून घेतले, तेही सांगावे. 'म्बुबे' पन्नास वर्षांहून अधिक काळ ज्या पळवाटेने गेले, ती आपण मुलांच्या हाती देऊ नये. शाळेने जर नंतरची आवृत्ती बसवली असेल, तर ती कोणाची, हाही एक रकाना असावा, म्हणजे आवृत्तीकारांनाही न्याय मिळेल आणि परीक्षकांना कशाशी तुलना करायची ते कळेल.

निवेदकांनी प्रत्येक गाण्याआधी ही नावे वाचावीत. परकीय नावांचे उच्चार संबंधित शाळेच्या शिक्षकांनी देवनागरीत लिहून द्यावेत, म्हणजे निवेदकांची तारांबळ उडणार नाही.

'मूळ गाण्याशी साधर्म्य' हा निकष एक तर काढावा, किंवा परीक्षकांना मूळ ध्वनिमुद्रण स्पर्धेआधी ऐकवले जाईल अशी व्यवस्था करून मग ठेवावा. यासाठी प्रत्येक शाळेने पत्रिकेसोबत त्याचा दुवा द्यावा. आजच्या काळात हे अवघड नाही.

यंदाच्या चित्रफितींखालील माहिती दुरुस्त करावी. आमच्या गाण्याची तर करावीच, पण भट, ग्रेस आणि हृदयनाथ यांच्या गाण्यांची आधी करावी, कारण त्या चित्रफिती अधिक पाहिल्या जातात.

आमच्या संघाचे गुण वाढवावेत किंवा क्रमांक बदलावा, अशी माझी मागणी नाही. निकाल लागला, ज्या शाळेचा पहिला क्रमांक आला ती उत्तम गायली, आणि तिच्या मुलांच्या आनंदात मला मिठाचा खडा टाकायचा नाही. गुणपत्रकावरील तो शेरा मात्र मंडळाने लेखी मागे घ्यावा. माझ्या मुलांनी मूळ गाणे ऐकले नव्हते, असा त्याचा अर्थ होतो, आणि त्यांनी ते महिनाभर रोज ऐकले होते.

गेल्या काही वर्षांत स्पर्धेत गायल्या गेलेल्या गाण्यांची यादी मंडळाने दिल्यास, त्यांतील रचनाकारांची नावे शोधून भरून देण्याचे काम मी आणि शहरातील आणखी दोन-तीन संगीत शिक्षक विनामूल्य करू. आम्ही आपसात बोललो आहोत.

पत्रिका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर छापायला जातात, असे कळते. त्यामुळे मंडळाची बैठक त्यापूर्वी व्हावी आणि निर्णय काहीही झाला, तरी तो माझ्या एकटीच्या नावे न कळवता सर्व सहभागी शाळांच्या संगीत शिक्षकांना लेखी कळवावा, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
एक संगीत शिक्षिका, नागपूर